विहिरीची वही कोणाच्या हाती?

शासकीय सेवेत प्रवेश करताना माझी अशी प्रामाणिक समजूत होती की, शासनाच्या कागदपत्रांत सर्वांत विश्वसनीय जर काही असेल तर तो आकडा. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी ताजी होती, आणि आकडेवारीच्या तक्त्यांवर श्रद्धा ठेवण्याचे ते वयही होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्लीतील एका कार्यालयात तेल व नैसर्गिक वायू क्षेत्राची मासिक विवरणपत्रे तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. किती रिग कामावर आहेत, किती विहिरी पूर्ण झाल्या, एकूण किती मीटर खोदकाम झाले आणि ते वार्षिक लक्ष्याच्या किती टक्के आहे, असे त्या तक्त्याचे रकाने असत. एके दिवशी मी तक्ता घेऊन आमच्या संचालकांकडे गेलो. ते तमिळ गृहस्थ मितभाषी होते. त्यांनी तक्ता वाचला आणि विचारले, "ही मीटर कोणी मोजली?"

"कंपनीने कळवली आहेत, सर."

"आणि कंपनीला कोणी कळवली?"

"रिगवरच्या पाळीप्रमुखाने."

"म्हणजे जो खणतो तोच मोजतो, तोच कळवतो, आणि तुम्ही बेरीज करता," असे म्हणून त्यांनी सही केली व तक्ता परत दिला.

त्यांच्या बोलण्यात उपहास नव्हता. पण तो प्रश्न पुढे पंचवीस-सव्वीस वर्षे माझ्या मनात राहिला. तेलविहीर ही गोष्टच अशी आहे की, दोन-तीन हजार मीटर खाली काय चालले आहे हे तिच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाखेरीज इतर कोणालाही प्रत्यक्ष कळत नाही. शेतातील पीक तलाठी बांधावरून पाहू शकतो, कारखान्यात निरीक्षक आत शिरून यंत्र पाहू शकतो. विहिरीच्या बाबतीत मात्र शासनाच्या हाती असते ती फक्त वही. दर पाळीला खोली किती वाढली, छिद्रात फिरवल्या जाणाऱ्या चिखलाचे वजन किती होते, दाब किती, कोणता खडक लागला, हे सारे त्या वहीत लिहिले जाते. म्हणून माझ्या मते तेलक्षेत्रावरील राज्यनियंत्रणाचा इतिहास हा मूलतः या वहीचा इतिहास आहे. ती कोण लिहितो, कोणाला ती उघडण्याचा अधिकार आहे आणि उघडण्याचा अधिकार असलेला माणूस ती खरोखर उघडतो का, हे ते तीन प्रश्न होत.

या इतिहासाचा आरंभ आजच्या भारताच्या सीमेबाहेर, ब्रह्मदेशात होतो. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. इरावती नदीकाठच्या येनानजाँग येथे यंत्रे येण्यापूर्वी कित्येक पिढ्या हाताने खणलेल्या विहिरींतून तेल काढले जात असे, आणि त्या विहिरींचे वंशपरंपरागत हक्क चोवीस घराण्यांकडे होते. उत्तर ब्रह्मदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर १८८६ मध्ये बर्मा ऑइल कंपनी स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिला प्रतिस्पर्धी आले आणि त्या घराण्यांच्या राखीव क्षेत्रांतील लहान लहान तुकडे विकत वा भाड्याने घेऊन एकमेकींना खेटून विहिरी खोदण्याची चढाओढ सुरू झाली. जमिनीवर हद्दीचे दगड असले तरी भूगर्भातील तेलाला हद्द नसते. माझ्या विहिरीतून मी आज उपसा केला नाही, तर शेजारी त्याच्या विहिरीतून माझ्याखालचे तेल ओढून नेणार, ही भीती प्रत्येकाला होती. शिवाय एकाची विहीर नीट बांधलेली नसेल, तर तिच्यातून खाली उतरणारे पाणी साऱ्यांचे तेल बिघडवणार होते. अशा वेळी कोणीतरी तिऱ्हाइताने मोजणे भाग पडते. सरकारने तेलक्षेत्रावर वॉर्डन नावाचा अधिकारी नेमला आणि १९१८ मध्ये बर्मा ऑइलफील्ड्स अ‍ॅक्ट हा कायदा केला. माझ्या माहितीप्रमाणे, आपल्या प्रशासकीय परंपरेतील तेलविहिरींचा पहिला तिऱ्हाईत लेखनिक तो हाच. कंपन्यांना त्याचा जाच वाटत असेलही; पण शेजाऱ्याच्या वहीवर विश्वास नसल्यामुळे त्यांनाही तो हवाच होता.

याच काळात आसामातील डिगबोईचे चित्र निराळे होते. तेथे १८८९-९० मध्ये पहिली यशस्वी विहीर लागली, १८९९ मध्ये आसाम ऑइल कंपनी स्थापन झाली आणि १९०१ मध्ये शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. १९२१ मध्ये बर्मा ऑइलने तो व्यवसाय आपल्याकडे घेतला. डिगबोईला मालक एकच होता. शेजारी नसल्याने तक्रार करणारेही कोणी नव्हते. खाणकामगारांच्या सुरक्षिततेसाठी खाण खात्याचे नियम होते, आणि सरकारला आपल्या रॉयल्टीशी मतलब होता. भूगर्भात काय चालले आहे हे विचारण्याची निकड मात्र कोणाला भासली नाही. येनानजाँग आणि डिगबोई ही दोन नावे मी मुद्दाम शेजारी ठेवली आहेत. नियंत्रण जन्माला येते ते स्पर्धकांच्या परस्पर अविश्वासातून. जेथे खणणारा एकटाच असतो तेथे ते आपोआप जन्माला येत नाही, हेतुपुरस्सर निर्माण करावे लागते.

स्वातंत्र्यानंतर ते निर्माण करण्याची कायदेशीर सोय तत्परतेने झाली, हे मान्य केले पाहिजे. १९४८ चा खाणी व खनिजे विषयक कायदा पुढे १९५७ मध्ये अन्य खनिजांसाठी वेगळा कायदा झाल्यावर केवळ तेलापुरता उरला आणि ऑइलफील्ड्स (रेग्युलेशन अँड डेव्हलपमेंट) अ‍ॅक्ट या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यातील नियम करण्याच्या अधिकारांचे कलम मी अनेकदा वाचले आहे. विहिरी खोदणे, अधिक खोल करणे, बंद करणे, बुजवणे यांचे नियमन. प्रत्येक नव्या छिद्राची सक्तीने सूचना. खोदकामाच्या नोंदी व खडकांचे नमुने जपून ठेवणे. ठराविक काळाने विवरणपत्रे सादर करणे, हे सारे त्यात आहे. वहीचे महत्त्व मसुदाकारांना पुरते ठाऊक होते. १९५९ मध्ये पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियम आले. जमिनीवरील क्षेत्रात केंद्राच्या पूर्वसंमतीने राज्याने पट्टा द्यावा व रॉयल्टी घ्यावी, आणि समुद्रातील क्षेत्र केंद्राकडे असावे, अशी वाटणी झाली. कायदा मोडल्यास शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हा एक हजार रुपयांचा आकडा लक्षात ठेवावा. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

परंतु कायदा रुजण्यापूर्वीच परिस्थिती बदलली. १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने खनिज तेलाचा भावी विकास ही राज्यसंस्थेची जबाबदारी ठरवली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग अस्तित्वात आला आणि १९५९ मध्ये त्याला वैधानिक दर्जा मिळाला. केशवदेव मालवीय यांच्या पुढाकाराने आणि सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या संस्थेने १९५८ मध्ये खंभात आणि १९६० मध्ये अंकलेश्वर ही क्षेत्रे शोधली. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या रिगने बॉम्बे हायचे तेल शोधले, आणि १९७६ मध्ये तेथून उत्पादनही सुरू झाले. शोधापासून उत्पादनापर्यंत दोन-सव्वादोन वर्षे ही कामगिरी खरोखर अभिमानास्पद होती. एक रुपयाच्या नोटेवरील सागर सम्राटचे चित्र आमच्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. अंकलेश्वर, मेहसाणा, राजमहेंद्री, दुलियाजान येथे नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या घरांत आजही या कालखंडाविषयी जिव्हाळ्याने बोलले जाते, आणि ते योग्यच आहे.

मात्र प्रशासनाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट घडली. खणणारे सरकार आणि मोजणारे सरकार एकच झाले. आयोग ज्या मंत्रालयाच्या अधीन होता, तेच मंत्रालय नियम राबवणारे होते. त्यातून योजनाबद्ध अर्थव्यवस्थेत मीटर हे लक्ष्य ठरले. पंचवार्षिक योजनेत अमुक इतकी मीटर खोदायची, दर रिगमागे महिन्याला इतकी गती गाठायची. आमच्या शास्त्रात हा धडा जुना आहे की, ज्या मापाने काम मोजायचे तेच माप काम करणाऱ्याचे उद्दिष्ट झाले, तर ते माप म्हणून निरुपयोगी होते. सोप्या जागी अधिक मीटर खोदली जातात. अवघड खडकातील, पण माहितीच्या दृष्टीने मोलाची विहीर मागे पडते. आणि मीटरचा रकाना भरला की विहिरीतून काय कळले हा प्रश्न कोणी विचारत नाही. माझ्या तक्त्यातही तो रकाना नव्हता.

याची किंमत काय, हे १९९० च्या सुमारास दिसले. १९८९-९० मध्ये देशाचे कच्च्या तेलाचे उत्पादन सुमारे ३ कोटी ४० लाख टन होते. १९९२-९३ मध्ये ते सुमारे २ कोटी ७० लाख टनांवर घसरले. आसामातील अशांतता हे त्याचे एक कारण होते. पण मुख्य घसरण बॉम्बे हायची होती. आयातीचा बोजा कमी करण्याच्या घाईत त्या क्षेत्रातून झेपेपेक्षा जास्त उपसा झाला, अशी उघड टीका तेव्हा झाली. तेलाच्या थरातील दाब ही मुद्दल असते. ती राखण्यासाठी वेळेवर पाणी सोडावे लागते, काही विहिरींचा उपसा आवरावा लागतो. मुद्दल खाल्ली जात आहे हे वहीत दिसत असणारच, परंतु ती वाचून "थांबा" म्हणण्याचा अधिकार असलेला तिऱ्हाईत कोणी नव्हता. ही घसरण झाली तीही नेमकी अशा वेळी, जेव्हा आखाती युद्ध आणि परकीय चलनाचे संकट या दोहोंनी देशाला घेरले होते.

या अनुभवानंतर, आणि खाजगी व विदेशी कंपन्यांना क्षेत्र खुले करण्याचे ठरल्यावर, १९९३ मध्ये हायड्रोकार्बन महासंचालनालय स्थापन झाले. थरांची जपणूक, विहिरींच्या माहितीचे संकलन आणि करारांवर देखरेख ही त्याची कामे. पण ते संसदेच्या कायद्याने नव्हे तर मंत्रालयाच्या ठरावाने झाले, त्याच मंत्रालयाच्या अधीन राहिले, आणि त्यातील तांत्रिक अधिकारी दीर्घ काळ प्रामुख्याने तेल कंपन्यांतूनच प्रतिनियुक्तीवर येत राहिले. प्रतिनियुक्ती म्हणजे काय हे सरकारी नोकरांना सांगायला नको. आज ज्याची वही तपासायची, तीन-चार वर्षांनी त्याच्याच हाताखाली परत जायचे असते. यात कोणाच्या सचोटीवर मला शंका घ्यायची नाही. मी पाहिलेले अधिकारी विद्वान आणि कष्टाळू होते. परंतु व्यवस्थेची रचना व्यक्तीच्या सचोटीवर सोपवू नये, एवढेच प्रशासनशास्त्र सांगते.

सुरक्षिततेची कथा याहून गुंतागुंतीची आहे. जमिनीवरील विहिरींची सुरक्षा धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, म्हणजे श्रम मंत्रालयाकडे. १९८६ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने तेल उद्योग सुरक्षा संचालनालय काढले. प्रदूषण राज्याच्या मंडळाकडे, वन व वन्यजीव आणखी कोणाकडे. ८ जानेवारी १९९५ रोजी आंध्र प्रदेशातील गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात पासरलापुडी येथे विहिरीचा उद्रेक झाला. तेलक्षेत्रात याला ब्लोआऊट म्हणतात. चिखलाच्या वजनाने दाबून ठेवलेला वायू ताबा सुटून वर उसळतो. ती आग १५ मार्चपर्यंत धुमसत होती. पुढे २७ जुलै २००५ रोजी, मुंबईतील त्या महाप्रलयाच्या दुसऱ्याच दिवशी, बॉम्बे हाय नॉर्थ येथे एक जहाज मंचावर आदळून आग लागली. अवघ्या काही तासांत तो मंच समुद्रात नाहीसा झाला आणि २२ माणसे गेली. समुद्रातील सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम आले ते त्यानंतर, २००८ मध्ये. आपल्याकडे नियम बहुधा अपघाताच्या मागोमाग चालत येतात.

आणि मग २०२० साल उजाडले. २७ मे रोजी आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान येथील पाच क्रमांकाच्या विहिरीत दुरुस्तीचे काम चालू असताना उद्रेक झाला. ९ जूनला तिने पेट घेतला. दोन अग्निशामक कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला, हजारो लोक छावण्यांत गेले. शेजारी मागुरी-मोटापुंग बील ही पाणथळ जागा आणि दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान. विहीर पूर्णपणे आटोक्यात आली ती १५ नोव्हेंबरला, साडेपाच महिन्यांनी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने न्यायमूर्ती काटके यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि विहिरीवरील कार्यपद्धतीबरोबरच आवश्यक संमतिपत्रांचेही प्रश्न पुढे आले. देखरेख करणारे डोळे कमी नव्हते, चांगले चार-पाच होते. परंतु त्या दिवशी विहिरीवर नेमके काय चालले आहे हे त्यांतील एकालाही ठाऊक नव्हते.

काही काळाने कामानिमित्त मी तिनसुकियाला गेलो होतो. तेथे बाघजानजवळ राहणारे एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांनी एक शाळकरी वही दाखवली. वायूचा वास प्रथम कधी आला, आवाजाने झोप न लागलेल्या रात्री, चहाच्या पानांवर तेलाचा थर कोणत्या दिवशी दिसला, छावणीतून घरी कधी परतलो, अशा तारीखवार नोंदी होत्या. मी विचारले, "हे कशासाठी लिहिलेत?" ते म्हणाले, "साहेब, नुकसानभरपाईच्या वेळी पुरावा मागतात. कंपनीकडे तिची वही आहे. आमच्याकडे आमची नको का?" मला माझे जुने संचालक आठवले. पाळीप्रमुखाच्या वहीखेरीज त्या विहिरीची दुसरी वही मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. आणि ती शासनाने ठेवलेली नव्हती.

इतर देशांनी काय केले? अमेरिकेतील टेक्सास राज्यात हे काम रेलरोड कमिशन नावाची संस्था करते. १८९१ मध्ये रेल्वेसाठी निघालेल्या या आयोगाकडे १९१९ मध्ये तेलविहिरींचे नियमन आले. १९३० मध्ये पूर्व टेक्सासचे प्रचंड क्षेत्र सापडले, प्रत्येकाने आपापल्या तुकड्यावर विहिरी खोदल्या आणि १९३१ मध्ये तेलाचा भाव काही ठिकाणी बॅरलला १० सेंटांपर्यंत कोसळला. अखेर गव्हर्नरला विहिरी बंद ठेवण्यासाठी सैनिक पाठवावे लागले. येनानजाँगचीच ही मोठी आवृत्ती. त्या आयोगावर उद्योगाशी जवळीक असल्याची टीका होते आणि बेवारस विहिरींचा प्रश्न तेथेही गंभीर आहे. पण तेथील विहिरीचा परवाना, तिची जागा आणि उत्पादन हे कोणाही नागरिकाला पाहता येते. ब्रिटनमध्ये १९८८ साली पायपर अल्फा मंचाच्या दुर्घटनेत १६७ माणसे मृत्युमुखी पडल्यावर लॉर्ड कलन यांच्या चौकशीने सुरक्षेचे काम ऊर्जा खात्याकडून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे देण्याची शिफारस केली. २०१० च्या मेक्सिकोच्या आखातातील दुर्घटनेनंतर अमेरिकेच्या केंद्र सरकारनेही पट्टे देणारे, महसूल घेणारे आणि सुरक्षा पाहणारे हात वेगळे केले. उत्पादन वाढवण्याची जबाबदारी आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार एकाच टेबलावर ठेवू नयेत, हा धडा त्यांनीही माणसे गमावूनच घेतला.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१७ मध्ये राष्ट्रीय डेटा भांडार सुरू झाले आणि दशकानुदशकांच्या विहिरींची माहिती एकत्र आली; मात्र तिचा रोख मुख्यतः गुंतवणूकदार व संशोधक यांच्याकडे आहे. २०२५ मध्ये १९४८ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. कैदेची तरतूद जाऊन आर्थिक दंड आला, आणि तो एक हजार रुपयांवरून २५ लाखांपर्यंत नेण्यात आला. उल्लंघन चालू राहिल्यास दिवसाला १० लाखांपर्यंत. एक हजार रुपयांचा दंड पंचाहत्तरहून अधिक वर्षे टिकला, यावरून तो किती वेळा आकारावा लागला असेल याचा अंदाज वाचकांनी करावा. दंड वाढला हे चांगलेच. पण दंड आकारण्यासाठी आधी चूक दिसावी लागते, आणि चूक दिसण्यासाठी वही उघडावी लागते.

माझ्या अल्प अनुभवावरून मला तीन गोष्टी सुचतात. देखरेख करणाऱ्या यंत्रणेला स्वतःचा कायदा आणि स्वतःचा, परत न जाणारा सेवावर्ग असावा. जमिनीवरील सुरक्षा, प्रदूषण आणि खोदकाम यांच्या नोंदी एकाच विहीर-क्रमांकाखाली याव्यात, म्हणजे चार कार्यालयांना चार निरनिराळ्या विहिरी दिसणार नाहीत. आणि ज्या गावात विहीर आहे त्या गावाला तिची मूलभूत माहिती, म्हणजे परवाना, चालू काम आणि आणीबाणीची योजना, त्यांच्या भाषेत पंचायतीत लावलेली असावी. व्यापारी गुपित म्हणून थरांची माहिती काही वर्षे गोपनीय राहण्यास हरकत नाही. पण आज विहिरीवर दुरुस्ती चालू आहे, ही गोष्ट शेजाऱ्यापासून लपवण्यासारखी नाही.

यांपैकी काहीही नवे नाही, याची मला जाणीव आहे. १९१८ च्या त्या वॉर्डनला यातले निम्मे तरी पटले असते. असो. माझ्या जुन्या तक्त्याची एक प्रत अजून माझ्याजवळ आहे. तिच्यातील बेरीज बरोबर आहे. ती मी तेव्हा दोनदा तपासली होती.